एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून गर्भपिशवी काढायची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३९, दोन मुलं, अंगावर कसलाच त्रास नाही. तालुक्याच्या शिबिरात सहज तपासणी केली आणि रिपोर्ट आला की हाय रिस्क एचपीव्ही, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरशी संबंध असलेला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, पॉझिटिव्ह, त्याखाली १६ आणि १८ हे टाइप निगेटिव्ह, "अदर" म्हणजे बाकीचे हाय रिस्क टाइप पॉझिटिव्ह. पॅप स्मीअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन बघतात ती तपासणी, नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं की मुलं झालीत, आता पिशवी ठेवून काय करायचंय, काढून टाका. तेव्हापासून तुमची झोप उडालीय, नवरा आठ दिवस नीट बोलत नाहीये, आणि तेरा वर्षांच्या मुलीला लस द्यावी का तेही विचारलंय.

ताई, मी स्त्रीरोग डॉक्टर आहे, सोलापूर-धाराशिव पट्ट्यात बावीस वर्षं काम करतेय, आणि त्यातली बरीच वर्षं मुख्यतः गर्भपिशवीच्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी करण्यात गेलीत. तुमच्यासारखा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली बाई माझ्यासमोर आठवड्याला एखादी तरी बसलेली असते. सगळ्यात आधी हे सांगते, तुम्हाला कॅन्सर झालाय असं या रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या पिशवीच्या तोंडावर एका व्हायरसचा अंश सापडलाय, एवढंच लिहिलंय. आणि तुम्ही जे दिलंय त्यावरून तरी पिशवी काढायचं काहीच कारण मला दिसत नाही.

पण "पॉझिटिव्ह" हा शब्द फार वाईट. कोविडनंतर तर आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे आजारी असंच डोक्यात बसलंय. इथे तसं नाहीये. हा व्हायरस इतका कॉमन आहे की संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि बहुतेकांना कळतही नाही, कारण ताप नाही, खाज नाही, काही नाही. दहापैकी नऊ जणींच्या बाबतीत साधारण दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला दाबून टाकतं. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि लागतही नाही. कोणी "व्हायरस मारायचं औषध" म्हणून महिन्याभराचा कोर्स विकत असेल तर पैसे वाचवा.

मग कॅन्सर होतो तो कसा? हे समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत. पिशवीच्या तोंडावर एक जागा असते जिथे आतली नाजूक कातडी आणि बाहेरची जाड कातडी एकमेकींना भेटतात. पाळी सुरू झाल्यापासून तिथे सतत बदल चालू असतात, एका प्रकारची कातडी जाऊन दुसरी येते. व्हायरसला बारीकशा ओरखड्यातून तिथल्या सगळ्यात खालच्या थरात शिरायला सोपं जातं. तो रक्तात जात नाही, वरच्या वर कातडीतच राहतो, म्हणून शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याचा पत्ता उशिरा लागतो. बहुतेकींमध्ये लागतो आणि विषय संपतो. पण काही थोड्या जणींमध्ये तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, आणि हे ठाण मांडून बसणं हाच खरा धोका आहे, नुसतं येऊन जाणं नाही.

ठाण मांडलेल्या हाय रिस्क व्हायरसची ई-६ आणि ई-७ नावाची दोन प्रोटीन असतात. आपल्या पेशीत पी-५३ नावाचा एक राखणदार असतो, पेशीत बिघाड झाला तर तो तिला थांबवतो किंवा मरायला लावतो. ई-६ त्याला मोडीत काढतं. दुसरा राखणदार म्हणजे आरबी, तो पेशीला सारखं सारखं वाढू देत नाही, त्याला ई-७ बाजूला सारतं. दोन्ही राखणदार गेले की पेशी वाढत राहते आणि चुका साठत जातात. तरीसुद्धा एका रात्रीत कॅन्सर होत नाही. आधी पेशी बदलायला लागतात, त्याला आम्ही सीआयएन म्हणतो, एक, दोन, तीन अशा पायऱ्या. पायरी एक बहुतेक वेळा आपोआप मागे जाते. पायरी तीनसुद्धा कॅन्सर नाही, पण ती सोडून चालत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला पूर्वी पायरी तीनच्या काही बायकांना नीट उपचारच दिले गेले नव्हते, जे व्हायला नको होतं, त्यांच्यात तीस वर्षांत साधारण ३१ टक्के जणींना कॅन्सर झाला. मी हा आकडा पेशंटना दोन्ही बाजूंनी सांगते. पायरी तीनची ही जखम, म्हणजे बदललेल्या पेशींचा भाग, इतकी गंभीर आहे की सोडायची नाही, आणि इतकी हळू आहे की तुम्ही शांतपणे चार ठिकाणी विचारून निर्णय घेऊ शकता. ज्या बाईची प्रतिकारशक्ती चांगली आहे तिच्यात व्हायरस शिरण्यापासून कॅन्सरपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात.

हे सगळं आपल्याला माहीत आहे त्यात हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १९७० च्या दशकात बहुतेकांचा संशय हर्पिसच्या व्हायरसवर होता, हा माणूस म्हणत राहिला की नाही, चामखिळीच्या घराण्यातला व्हायरस आहे. १९८३ ला त्याच्या गटाला कॅन्सरच्या गाठीत टाइप १६ सापडला, १९८४ ला टाइप १८, आणि २००८ ला त्याला नोबेल मिळालं. जगभरातल्या या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के याच दोन टाइपमुळे होतात. म्हणून तुमच्या रिपोर्टमधली "१६ आणि १८ निगेटिव्ह" ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरी कोणी ती ओळ वाचली नसेल, सगळ्यांचं लक्ष ठळक अक्षरातल्या पॉझिटिव्हवर गेलं असेल.

आता तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं. वय तिशीच्या पुढे, १६-१८ नाही, दुसरा कुठलातरी हाय रिस्क टाइप आहे, पॅप नॉर्मल आहे आणि त्रास काही नाही, अशा बाईला मी बारा महिन्यांनी परत तीच एचपीव्ही टेस्ट करायला सांगते. लोक विचारतात, मॅडम एक वर्ष थांबायचं? दोन महिन्यांनी करू ना. दोन महिन्यांनी केली तर बहुतेक पॉझिटिव्हच येणार, कारण शरीराला वेळच मिळालेला नसतो, आणि तुम्ही अजून घाबरणार. वर्षाने निगेटिव्ह आली तर चांगलंच, तरी पुढची तारीख किती वर्षांनी ते डॉक्टर ठरवून देतील, तपासणी तिथे बंद करायची नाही. वर्षाने परत पॉझिटिव्ह आली तर मग दुर्बिणीतून बघायचं, पॅप नॉर्मल असला तरी.

पण हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत म्हणून विचारते. संबंधानंतर रक्त जातं का? दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून जातं का? पांढरं जातंय, त्याला घाण वास आहे, लालसर आहे असं काही? यातलं काहीही असेल तर वर्षभर थांबायचं नाही, या आठवड्यात डॉक्टरकडून आतून तपासून घ्यायचं, रिपोर्ट कितीही नॉर्मल असू दे. दुसरं, एचआयव्ही आहे का, किडनी बदललीय का, बरीच वर्षं स्टेरॉइडसारख्या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर व्हायची शक्यता साधारण सहा पटीने जास्त असते आणि तो लवकर होतो, तिचं वेळापत्रक वेगळं. तिसरं, आधी कधी पिशवीच्या तोंडावर उपचार झालेत का? आणि चौथं, हे मी मुद्दाम विचारते, तुम्ही वर्षाने खरंच येऊ शकणार आहात का?

चौथा प्रश्न पुस्तकात नसतो. आमच्या भागातल्या कितीतरी बायका दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांना "पुढच्या वर्षी याच महिन्यात या" म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखं आहे. अशा बाईला मी त्याच दिवशी दुर्बिणीखाली बघून टाकते, आणि काही दिसलं तर शक्य असेल तर तेव्हाच उपचार. शहरातल्या, फोन उचलणाऱ्या बाईला जो सल्ला तोच तिला दिला तर तो चुकीचा सल्ला होतो. तुमची परिस्थिती तशी असेल तर तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांना अंदाज नसतो.

दुर्बिणीच्या तपासणीला बायका फार घाबरतात म्हणून काय होतं ते सांगून टाकते. दुर्बीण बाहेरच असते, आत जात नाही. पॅपला वापरतात तसंच साधन घालून पिशवीचं तोंड उघडं करतात, मग कापसाने पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपलं स्वयंपाकातलं व्हिनेगर असतं ना तेच, थोडंसं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं. या एका मिनिटात काय होतं ते मी आजही लक्ष देऊन बघते. गुलाबी, ओलसर कातडी असते, आणि जिथे पेशी बदललेल्या असतील तिथे हळूहळू पांढरा डाग उमटायला लागतो, दुधावर साय धरल्यासारखा. कडा धारदार आहे का, पांढरेपणा दाट आहे का, किती वेळ टिकतो, त्यात रक्तवाहिन्यांची जाळी दिसते का, यावरून अंदाज येतो. संशय आला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन तपासायला पाठवतो. स्क्रीन बाईकडे फिरवते मी, ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं. एक ताई बघून म्हणाल्या होत्या, एवढंच आहे होय, मला वाटलं आत सगळं सडलंय. घरी कोणीतरी त्यांना तसं सांगितलेलं.

आणि समजा जखम सापडलीच, पायरी दोन किंवा तीन, तरी उपचार पिशवी काढणं हा नाही. छोटी जखम असेल आणि पूर्ण दिसत असेल तर तापलेल्या छोट्या प्रोबने तेवढी कातडी जाळतात, प्रोब साधारण शंभर डिग्रीचा असतो आणि एकावेळी अर्धा-एक मिनिट लावायचा, बाई चालत घरी जाते. जखम आत गेलेली असेल किंवा मोठी असेल तर तारेच्या लूपने तेवढा भाग कापून काढतात, जागेवर भूल देऊन, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि तो कापलेला तुकडा तपासायला मिळतो हा फार मोठा फायदा, कारण आत कॅन्सर लपलेला नाही ना हे त्यातून कळतं.

इथेच पिशवी काढण्याच्या सल्ल्यावर जरा थांबते, कारण मला याचा खरंच त्रास होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तुम्ही वाचलं असेल. त्या बायकांपैकी अनेकींना "कॅन्सर होईल" अशीच भीती घातली होती. पंचविशी-तिशीतल्या बायका. पिशवीसोबत कितीतरी वेळा अंडाशयही काढलं जातं, मग पाळी लवकर गेल्याचे सगळे परिणाम, हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा येणं, हृदयाचा धोका, ते आयुष्यभर. आणि व्हायरस पिशवीत राहतो हाच गैरसमज आहे, तो त्या सगळ्या भागातल्या कातडीत असतो, पिशवी गेली तरी योनीमार्गाच्या कातडीत राहू शकतो आणि तिथेही बदल घडवू शकतो.

यापेक्षा वाईट गोष्ट मी स्वतः बघितलीय. साधारण दहा वर्षांपूर्वी पंचेचाळीशीच्या एक काकू माझ्याकडे आल्या, अंगावरून रक्त जात होतं म्हणून एका ठिकाणी पिशवी काढली होती, आधी पिशवीच्या तोंडाची कसलीही तपासणी नाही, पॅप नाही, तुकडा नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली, रिपोर्ट आला तेव्हा कळलं की पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होता. आता कॅन्सर असेल तर ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग आणि गाठी घेऊन करायचं, किंवा ऑपरेशन न करता सरळ रेडिएशन द्यायचं. साधी पिशवी काढली की ते अर्धवट राहतं, आणि पिशवी नसल्यामुळे आतून द्यायचं रेडिएशनही नीट बसवायला अवघड जातं. त्या काकू रिपोर्ट कापडी पिशवीत घडी करून घेऊन आल्या होत्या, आणि मला विचारत होत्या, पिशवी तर काढली ना मॅडम, मग कॅन्सर कुठे आहे? त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही. म्हणून माझा नियम झालाय, पिशवीच्या तोंडाची तपासणी झाल्याशिवाय कुठल्याही कारणाने पिशवीला हात लावायचा नाही. तुम्हीही कोणी पिशवी काढा म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा, कशासाठी, आणि त्याआधी काय तपासलं.

नवऱ्याबद्दल. हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं खरी झोप याच्यामुळेच उडालीय. तर स्पष्ट सांगते, हा व्हायरस कधी आला ते कुठल्याही टेस्टमधून कळत नाही. तो वर्षानुवर्षं इतका कमी प्रमाणात पडून राहू शकतो की टेस्टमध्ये येत नाही, आणि मग वय, आजारपण, ताण अशा काळात परत दिसायला लागतो. पंधरा वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो, त्यांच्याकडून आला असेल किंवा तुमच्याकडून गेला असेल, आता ते कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही, लॅबलाही नाही. या रिपोर्टवरून ना तुमच्यावर संशय घेता येतो ना त्यांच्यावर. मी नवऱ्यांना समोर बसवून हे सांगते, आणि बहुतेक जण ऐकून गप्प होतात, नंतर बाहेर जाऊन चहा आणून देतात बायकोला. पुरुषांसाठी ही टेस्ट रुटीनमध्ये नाही, त्यांना करायला लावू नका, त्यातून कुठलाही निर्णय होत नाही. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. आणि ते तंबाखू किंवा सिगारेट घेत असतील तर त्यावर बोला, सिगारेटच्या धुराचा तुमच्या पिशवीच्या तोंडावरही परिणाम होतो आणि त्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

तुम्ही विचारलंय की पॅप नॉर्मल असताना एचपीव्हीची टेस्ट करायचीच कशाला, उगाच घाबरवायला? याचं उत्तर आपल्याच भागात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट, एका गटात एचपीव्ही टेस्ट, एकात पॅप, एकात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्याने बघणं, आणि एका गटात नेहमीचीच व्यवस्था. आयुष्यात एकदाच टेस्ट. २००९ मध्ये निकाल आला, एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, नेहमीच्या गटात ६४ आणि यांच्यात ३४. बाकी दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त आवडतो, टेस्ट निगेटिव्ह आलेल्या बायकांमध्ये नंतर कॅन्सर किती झाला तो. एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांमध्ये लाखात ३.७, पॅप नॉर्मल असलेल्यांमध्ये लाखात १५.५. म्हणजे एचपीव्ही निगेटिव्ह आली की ती बाई खरोखर निर्धास्त राहू शकते, पॅपवर तेवढं विसंबता येत नाही, कारण पॅप हे डोळ्याचं काम आहे, नमुना कसा घेतला, स्लाइड कोणी बघितली यावर सगळं. त्या अभ्यासात एका गटाला तपासणीच दिली नाही यावर टीका झाली आणि ती टीका मला पटते. पण आज जगभर जो सल्ला दिला जातो त्याच्या पायाशी या गावांतल्या बायका आहेत हेही खरं.

याचा अर्थ व्हिनेगरची तपासणी वाया असा नाही घ्यायचा. टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी ही तपासणी करून बघितली, बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जिथे लॅब नाही तिथे तीच खरी, आणि आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांपुढच्या बायकांना आजही तीच दिली जाते. आणि आता एचपीव्ही टेस्टही जवळ येतेय. गोव्याच्या मोल्बिओ कंपनीने टीबीसाठी बनवलेलं ट्रूनॅट मशीन तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात बघितलं असेल, त्याच छोट्या मशीनवर एचपीव्हीचीही टेस्ट होते, पुण्याच्या मायलॅबचीही टेस्ट आहे. नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो, ब्रशसारखी काडी, पडद्यामागे जाऊन दोन मिनिटांचं काम, आणि चांगल्या पीसीआर टेस्टमध्ये त्याचा निकाल डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा येतो. माझ्याकडच्या ज्या बायका टेबलवर झोपायला कधीच तयार झाल्या नसत्या त्या या काडीला तयार होतात. तुमच्या सासूबाई, जाऊबाई यांना सांगा.

मुलीची लस, हो, द्या. तेरा हे अगदी योग्य वय आहे, कारण लस व्हायरस यायच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोग. तुम्हाला स्वतःला आत्ता लस घेऊन हा आलेला व्हायरस जाणार नाही, लस आलेल्याला हाकलत नाही, नवीन टाइपला अडवते. त्यामुळे तुमच्यासाठी पैसे खर्च करायची घाई नको, आधी मुलीची. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२२ ला मंजूर झाली, ६, ११, १६ आणि १८ या चार टाइपवर आहे, मुलग्यांनाही देता येते. कंपनीच्या कागदावर पंधराच्या आत दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने असतात. एक डोस पुरतो का हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात, आणि त्याचं उत्तरही आपल्या इथूनच गेलंय. २००९ मध्ये भारतात दोन विरुद्ध तीन डोसचा अभ्यास सुरू झाला, पुणे आणि बार्शी त्यात होते. २०१० मध्ये दुसऱ्याच एका लस प्रकल्पावरून वाद झाला, सरकारने सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. त्यांना दहा वर्षं बघत राहिले, तर १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण साधारण ९५ टक्के निघालं, दोन आणि तीन डोसच्या बरोबरीचं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही ९ ते २० वयासाठी एक डोस चालेल म्हणते. तुम्हाला दोन परवडत असतील आणि डॉक्टर म्हणत असतील तर द्या, नसतील तर एक देऊन गप्प बसलात तरी अपराधी वाटून घेऊ नका. सरकारी केंद्रात मिळते का ते आशाताईंना आधी विचारा.

२०१० च्या त्या वादाबद्दल घरात कोणी बोलेलच म्हणून सांगते, आंध्र आणि गुजरातमधल्या त्या प्रकल्पात सात मुली गेल्या होत्या, चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत असं निघालं, पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती हे संसदीय समितीने ठणकावून सांगितलं आणि ते बरोबरच होतं. लसीमुळे मूल होत नाही ही अफवा आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झालाय. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या टाइपवर नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न, "आणि झालाच तर?" भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ऐंशी हजार जातात, बहुतेक उशिरा आल्यामुळे. लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होतो. पुढे गेलेला असेल तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लाईट देणं म्हणतात, आणि सोबत आठवड्याला एक किमो. टाटामध्ये तिसऱ्या स्टेजच्या ८५० बायकांवर हे तपासलं, नुसत्या रेडिएशनपेक्षा सोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिलं तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेल्या. २०२४ मध्ये इंटरलेस नावाचा अभ्यास आला, त्यात भारतातल्याही पेशंट होत्या, आधी सहा आठवडे हलकी किमो देऊन मग हेच उपचार केले तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या ७२ च्या ८० टक्के झाल्या, आणि ती औषधं जुनी, स्वस्त आहेत म्हणून मला त्याचं जास्त कौतुक. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं, तीही फायदा देते, पण तिचा खर्च बहुतेक घरांना झेपणारा नाही. तुम्हाला यातलं काही आज लागत नाहीये. हे फक्त यासाठी लिहिलं की कॅन्सर म्हणजे सगळं संपलं हे जे डोक्यात आहे ते निघावं.

तर आत्ता करायचं ते एवढंच. वरचे चार प्रश्न स्वतःला विचारा, पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर "हो" आलं किंवा वर्षाने येणं जमणार नसेल, तर दुर्बिणीची तपासणी होते अशा ठिकाणी आत्ताच दाखवा. नसेल तर मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीची तारीख टाका आणि रिपोर्टचा फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा, कारण माझ्याकडे चार वर्षांनी आलेल्या एका बाईंचा रिपोर्ट ट्रंकेत साड्यांच्या घडीत सापडला होता. आणि रिपोर्ट परत एकदा बघून १६ आणि १८ समोर नेमका कुठला शब्द छापलाय ते इथे लिहा, काही लॅब "निगेटिव्ह" लिहितात आणि काही टेस्टमध्ये ते वेगळं तपासलेलंच नसतं, तिथे रिकामी रेघ असते. रेघ असेल तर माझं वर्षभर थांबायचं म्हणणं बदलेल, मग आधी दुर्बिणीतून बघून घ्यायचं.